अपंग माजी सैनिकाची पेन्शन आणि मदतनिसाचा भत्ता: कागद कसा वाचायचा, अर्ज कसा करायचा

पेन्शनचे कागद घरात कुठे आहेत, हे आधी बायकोला विचारा. फौजीला ते बहुधा माहीत नसतं, तिला असतं.

मी इन्फन्ट्रीत क्लर्क होतो. बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त चालवला. त्यामुळे निवृत्त होऊन दापोली तालुक्यात कलमं राखत बसलो तरी आसपासच्या वाड्यांतले लोक कागद घेऊन अंगणात येतात. इथे पेन्शनर काही नवे नाहीत. इंग्रजांच्या काळात दापोली कॅम्प म्हणजे निवृत्त शिपायांची वस्तीच होती. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. पण नोकरीत शरीराला इजा झालेल्या माणसाची पेन्शन कशाकशाची बनते हे आजही फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि चोवीस तास दुसऱ्याची मदत लागणाऱ्याला वेगळा भत्ता असतो, हे तर बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. हे लिहितोय ते त्या माणसांसाठी, आणि खरं सांगायचं तर त्यांना रोज उठवणाऱ्या-बसवणाऱ्यांसाठी जास्त.

दोन कागद लागतात. पहिला पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. दुसरा मेडिकल बोर्डाची, म्हणजे नोकरीतून सोडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची कार्यवाही, फॉर्म एएफएमएसएफ-१६. पीपीओ सगळे जपतात, कारण बँकेत तो लागायचा. बोर्डाचा कागद मात्र ट्रंकेच्या तळाशी जातो आणि वाळवीच्या वाट्याला येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात छपरं उडवली, पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं. त्या दोन पावसाळ्यांत किती फायलींचा लगदा झाला त्याचा हिशोब नाही. तुमचा कागद गेला असेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करून प्रत मागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौदलातल्यांनी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्सला लिहायचं. अर्जात सर्व्हिस नंबर, रँक, डिस्चार्जची तारीख आणि ज्या हॉस्पिटलात बोर्ड झाला त्याचं नाव एवढं द्या. नाही आलं तर माहिती अधिकारात मागा, स्वतःचाच कागद आहे.

बोर्डाचा कागद हातात आला की त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, इजा किंवा आजार नोकरीशी जोडलाय का. नोकरीमुळे झालं असेल तर इंग्रजीत ‘ॲट्रिब्युटेबल’, आधीचं दुखणं नोकरीमुळे वाढलं असेल तर ‘ॲग्रॅव्हेटेड’. यातलं एक तरी ‘येस’ हवं. दोन्हीकडे ‘नो’ असेल तर अपंगत्वाचा भाग मिळत नाही आणि सगळी लढाई तिथूनच सुरू होते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी, टक्केवारी. मुदत पूर्ण करून घरी आलेल्याला किमान २० टक्के लागतात. दोन ठिकाणी इजा असेल तर दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. बोर्ड एकत्रित असा वेगळा आकडा लिहितो आणि तोच धरतात. कानाचे २० आणि गुडघ्याचे ३० मिळून ५० झाले पाहिजेत म्हणून वाद घालणारे येतात माझ्याकडे. त्यात वेळ घालवू नका.

तिसरी, मदतनीस लागतो असं बोर्डाने म्हटलंय का. इथे बहुतेकांचा कागद कोरा असतो.

आता पैशांचं. अपंगत्वाच्या पेन्शनचे दोन भाग: सर्व्हिस एलिमेंट आणि डिसॅबिलिटी एलिमेंट. पहिला नोकरीचा, दुसरा शरीराच्या नुकसानीचा. इजेमुळे बोर्डआउट होऊन, म्हणजे बोर्डाने अनफिट ठरवल्याने मुदतीआधीच घरी आलेल्याची नोकरी कमी भरली तरी सर्व्हिस एलिमेंट मिळतो, त्यामुळे ‘पंधरा वर्षं झाली नव्हती, मला काय मिळणार’ हे मनातून काढून टाका. दुसऱ्या भागाचं गणित असं: १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याहून कमीला त्या प्रमाणात. पगार म्हणजे बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून, नुसता बेसिक नव्हे. समजायला सोपं म्हणून शेवटचा पगार ४०,००० धरू. १०० टक्क्यांना १२,००० रुपये. ४० टक्क्यांना ४,८००. वर महागाई.

पण ४० टक्के ४० राहत नाहीत. ५० च्या खालचा आकडा ५० धरायचा, ५० ते ७५ मधला ७५, आणि त्याच्या वरचा १००. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ४० टक्केवाल्याला ४,८०० नाही, ६,००० मिळायला हवेत. ६० टक्केवाल्याला ९,०००. ही सोय १९९६ पासूनची, पण तेव्हा ती फक्त बोर्डआउट झालेल्यांना होती. मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही ती लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या खटल्यात सांगितलं. तुमच्या पीपीओत अजून मूळ टक्काच असेल तर रेकॉर्डला अर्ज करा आणि त्यात या निकालाचं नाव लिहा.

लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये जखमी झालेल्याचं खातं वेगळं, वॉर इंज्युरी पेन्शनचं. तिथे बोर्डआउट झालेल्या १०० टक्केवाल्याला जखमेचा भाग शेवटच्या पगाराइतका, आमच्या उदाहरणात ४०,०००. आणि नोकरीत राहून नंतर निवृत्त झालेल्याला ६० टक्के, म्हणजे २४,०००. ऑपरेशनल एरियात असताना इजा झाली पण पीपीओत साधी डिसॅबिलिटी लिहिलीय, असं असेल तर इंज्युरी रिपोर्ट काढून तपासा. फरक किती मोठा आहे ते आकडेच सांगतायत.

हे सगळं मुख्यतः जुन्यांसाठी. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात. त्यात अपंगत्व असूनही नोकरीत राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवीन नाव आलंय आणि मोजणीही बदललीय. त्यांनी शेजारच्या काकांच्या पीपीओशी आपला ताडून बघू नये.

मदतनिसाचा भत्ता

याचं सरकारी नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. जुलै २०१७ मध्ये तो दरमहा ६,७५० रुपये होता, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ, अशी तरतूद आहे. तेव्हा आजचा दर ताज्या परिपत्रकात बघा, माझ्या आकड्यावर भांडू नका. अटी थोडक्यात अशा. अपंगत्व नोकरीशी जोडलेलं आणि १०० टक्के असावं. त्याच अपंगत्वामुळे सतत मदतनीस लागतो, निदान तीन महिने तरी लागेल, असं मेडिकल बोर्डाने म्हटलेलं असावं. सरकारी हॉस्पिटलात भरती असाल तेवढ्या काळाचा भत्ता मिळत नाही.

८० चे १०० झाले म्हणजे हा भत्ता आपोआप लागतो, असा गैरसमज आहे. तसं होत नाही. बोर्डाची शिफारस वेगळी लागते, आणि ती मागावी लागते.

ही शिफारस का सुटते याचं कारण मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हसूही येत नाही. आमच्या जवळच्या वाडीत एक नाईक आहे. पहाडात गाडी दरीत गेली आणि कमरेखालचं शरीर गेलं. बोर्डासमोर डॉक्टरसाहेबांनी विचारलं, ‘कैसे हो?’ हा व्हीलचेअरवर छाती काढून म्हणाला, ‘एकदम ठीक हूँ सर!’ घर कसं चालतं विचारलं तर म्हणे, ‘सब मॅनेज हो जाता है सर.’ कोण करतं ते मॅनेज? दाराबाहेर बाकावर पिशवी धरून बसलेली बाई. तिला आत कोणी बोलावलं नाही आणि याने नाव काढलं नाही. डॉक्टर बिचारे दिसेल तेच लिहिणार. दिसत होता एक ताठ बसलेला, स्वच्छ दाढी केलेला शिपाई. ती दाढीसुद्धा तिनेच करून आणलेली.

फौजेत दुखणं लपवायचं शिकवतात. दुखतंय म्हटलं की सिक रिपोर्ट, सिक रिपोर्ट म्हटलं की बाकीच्यांच्या नजरा. ती सवय बोर्डाच्या दाराबाहेर सोडून जा. तिथे रडायचं नाही, वाढवून सांगायचं नाही, पण झाकायचंही नाही.

माझा उपाय साधा आहे. बोर्डाला जायच्या आधी एका कागदावर दिवसभराचं लिहायचं आणि ते जी व्यक्ती करते तिनेच लिहायचं. त्या नाईकाच्या बायकोला मी म्हटलं, वहिनी, तुम्ही फक्त घड्याळ लावून लिहा. तिने वहीच्या पानावर लिहून आणलं ते साधारण असं होतं:

‘पहाटे तीनला कूस बदलते, पाचला परत. सहाला लघवीची पिशवी रिकामी करते, नळी धुते. शौचाला एक दिवसाआड औषध घालून बसवावं लागतं, त्याला तास-दीड तास जातो, मी जवळच लागते. आंघोळ खाटेवरच. पाठ आणि ढुंगणाची कातडी रोज बघते, लाल दिसली तर दिवसभर त्या कुशीवर ठेवत नाही. खुर्चीत बसवायला दीर लागतो, एकटीला उचलत नाही. मळ्यात जायचं असलं तर सासूला बसवून जाते. रात्री दोनदा उठते. ताप आला की सगळं वाढतं.’

यात एकही मोठा शब्द नाही. पण बेडसोअर, कॅथेटर, बॉवेल केअर, ट्रान्स्फर हे सगळं डॉक्टरला त्यातून कळतं. या पानाचं हिंदी करून मी टाइप केलं, खाली तिची सही घेतली आणि सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरचं पत्र, जुने डिस्चार्ज कार्ड आणि व्हीलचेअर-एअरबेडच्या पावत्या लावल्या. दृष्टी गेलेल्यांनी, दोन्ही हात गेलेल्यांनी, डोक्याला मार लागून भान न राहणाऱ्यांनी आपापलं पान आपल्या परीने लिहावं. डोक्याच्या दुखापतीत हे पान आणखी महत्त्वाचं, कारण माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. गॅस उघडा ठेवतो, वाट चुकतो, औषध दोनदा घेतो, हे घरच्यालाच माहीत.

अर्ज करायचा तो रेकॉर्ड ऑफिसला, शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, कारण त्यांचा जावक क्रमांक पडला की पुढे विचारायला धागा राहतो. अर्जात दोनच मागण्या ठेवा: प्रकृती बिघडल्यामुळे अपंगत्वाची फेरतपासणी करावी, आणि बोर्डाने मदतनिसाच्या गरजेवर स्पष्ट मत द्यावं. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी एकदा ठरली की तुम्ही स्वतः मागितल्याशिवाय पुन्हा तपासणीला बोलावत नाहीत. म्हणूनच ज्याचे वीस वर्षांपूर्वी ६० लिहिले आणि जो आज अंथरुणाला खिळलाय, त्याचे कागदावर ६० च राहतात. बोर्डाने शिफारस केली की कागद प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या लष्करी हिशेब कार्यालयाकडे जातो (नौदलाचा मुंबईच्या पीसीडीए नेव्हीकडे) आणि सुधारित पीपीओ निघतो. त्याला ‘कोरिजेंडम’ म्हणतात. तो हातात येईपर्यंत पैसे बदलत नाहीत.

प्रवासाचं बोललंच पाहिजे, कारण आमच्याकडची निम्मी प्रकरणं तिथेच अडतात. बोर्ड मुंबईच्या अश्विनी हॉस्पिटलात किंवा पुण्याला लागतो. पावसाळ्यात तारीख आली तर लेखी विनंती करून ती पुढची मागा. आंबेनळी किंवा ताम्हिणीत दरड आली आणि पाठीचा कणा गेलेला माणूस गाडीत सहा तास अडकला, तर बोर्ड राहिला बाजूला, पाठीला जखम घेऊन घरी याल. रेल्वेने जायचं तर खेडहून, पण फलाटावरून डब्यात उचलायला दोन माणसं आपली न्या. जादा कॅथेटर, प्लॅस्टिकचा कागद आणि पाणी हाताशी ठेवा. मदत करणाऱ्या व्यक्तीला सोबत न्याच, आणि तिला आत येऊ द्यावं अशी बोर्डाला आधीच विनंती करा. पुण्याला जाताच आहात तर आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये पायाचं माप द्यायचं काम त्याच फेरीत होतं का ते फोनवर विचारून ठेवा. कमरेखाली लुळेपणा असलेल्यांनी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर एकदा बघावं. तिथले खुर्चीवरचे लोक बास्केटबॉल खेळताना पाहिले की घरी बसून कुढणाऱ्याची जीभ जरा सुटते.

एक वेगळाच गोंधळ पोरं करतात. यूट्यूबवर ‘डिसेबल्ड वेटरन’ शोधतात आणि अमेरिकेचे व्हिडिओ दाखवायला आणतात. त्यांच्याकडे ‘स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन’ आहे. नेहमीच्या टक्केवारीच्या पेन्शनवर, हात, पाय, डोळा किंवा एखाद्या अवयवाचं काम गेलं, घराबाहेर पडता येत नाही किंवा रोजच्या कामांना दुसरा माणूस लागतो, अशा कारणांसाठी जादा रक्कम. तिच्या पायऱ्या अक्षरांनी ओळखतात: के, मग एल पासून ओ, पुढे पी, आर, एस, टी. कल्पना आपल्या भत्त्याच्या जवळची, पण तिथे एक पाय गेला तरी वेगळी रक्कम लागते. आपल्याकडे एका पायाचं उत्तर टक्केवारीतच शोधायचं आणि मदतनिसाची रक्कम एकच, सगळ्यांना सारखी. तिथली अक्षरं आपल्या अर्जात लिहून उपयोग नाही. एकाने लिहिली होती.

आता स्पर्श, म्हणजे संरक्षण खात्याचं पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल. ज्यांची पेन्शन त्यावर आलीय त्यांना पीपीओ तिथे बघता येतो. लॉगिन करून एकदा शांतपणे ओळी वाचा: सर्व्हिस एलिमेंट, डिसॅबिलिटी एलिमेंट, किती टक्के धरले, अटेंडन्स अलाउन्सची ओळ आहे की नाही. वाडीत रेंज नसेल तर सड्यावर जा, नाहीतर बाजारातल्या सेवा केंद्रात. पासवर्ड मात्र केंद्रवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नका.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा. बोटं नसलेल्यांना किंवा ठसे न उमटणाऱ्यांना आता जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्यावरूनही तो देता येतो. अंथरुणावरच्या माणसाला उचलून तालुक्याला नेण्याची गरज नाही. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढतो, पोस्ट पेमेंट बँकेची त्याची फी ७० रुपये. आमच्याकडे पोस्टमन पायवाटेने येतो, त्याला चहा द्या. दाखला चुकला की सगळी पेन्शन थांबते, भत्त्यासकट.

नाही म्हणाले तर

सर्वांत जास्त नकार ‘नोकरीशी संबंध नाही’ या कारणाने येतात. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत, नकाराच्या पत्रातच पत्ता असतो. त्यात भावना लिहू नका. भरती होताना मेडिकल फिट होतो, तेव्हाच्या कागदावर या दुखण्याची नोंद नव्हती, पुढे अमुक ठिकाणी अमुक काळ पोस्टिंग होतं आणि तिथे हे सुरू झालं, असा क्रम मांडा. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हेच म्हटलंय: भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि दुखणं नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. बोर्डाने कारण न देता नुसतं ‘नो’ लिहिलं असेल तर तेही दाखवून द्या.

दुसऱ्या अपिलानंतरही नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे वकील लागतो, आणि वकील सर्व्हिस मॅटरचाच बघा. जमिनीच्या दाव्यांचा वकील कितीही नात्यातला असला तरी नको. उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही, पण थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. जेवढे महिने ‘बघू पुढच्या मे महिन्यात मुंबईवाले आले की’ करत काढाल, तेवढे मागून गळत जातात. कमिशनवर ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्यांना सही केलेला कोरा कागद द्यायचा नाही.

सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि लष्करी बोर्डाची टक्केवारी हे दोन वेगळे प्रकार आहेत, तेवढं लक्षात ठेवा. सिव्हिलच्या ७० टक्क्यांनी पेन्शन वाढत नाही. पण ते प्रमाणपत्र काढून ठेवाच, एसटीची सवलत त्यावर मिळते आणि युनिक डिसॅबिलिटी कार्डही. युद्धात अपंगत्व आलेल्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची वर्गणी माफ आहे. कुणी भरून घेतली असेल तर परत मागता येते का ते पॉलिक्लिनिकमध्ये विचारा.

घरपट्टीचं राहिलं. २०२० पासून राज्यात माजी सैनिकांना घरपट्टी माफीची बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची योजना आहे. ग्रामसेवक ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ म्हणाला तर सैनिक कल्याण कार्यालयातून शासन निर्णयाची प्रत घेऊन जा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या आणि तो दिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.